सरकी, निकेल आणि पराटी



अमरावती जिल्ह्यांत चांदूर नांवाचीं दोन गांवें आहेत; एक चांदूर रेल्वे आणि दुसरें आमचें चांदूर बाजार. पाकिटावर 'बाजार' हा शब्द लिहावयाचा राहिला, तर पत्र चार दिवस जिल्हाभर हिंडून येतें, हा आम्हां गांवकऱ्यांचा जुना अनुभव आहे. पुष्कळ वर्षें आमच्या चांदुराला रेल्वे नव्हती. आतां नरखेडच्या मार्गावर आमचेंही स्टेशन झालें आहे. तरी गांवाचें नांव बदललें नाहीं आणि बदलूं नये, कारण बाजार हीच या गांवाची खरी ओळख. कापूस, तूर आणि संत्रीं यांवर हा मुलूख जगतो.

आजचा माझा विषय नुसता नांवानें सांगितला, तर तो या बाजारापासून फार दूरचा वाटेल. झाडाझुडपांपासून मिळणाऱ्या द्रव्यांचें उत्प्रेरकाच्या साहाय्यानें हायड्रोजनांत आणि इंधनांत रूपांतर कसें करावयाचें, हा तो विषय. सांप्रत वर्तमानपत्रांत हायड्रोजनाचें नांव नाहीं असा आठवडा जात नाहीं. परंतु या विद्येचा पूर्वेतिहास पाहूं गेल्यास तो थेट कापसाच्या ढिगाशीं, किंबहुना कापसांतून निघणाऱ्या सरकीशीं येऊन पोहोंचतो, असें मला आढळून आलें. आणि वऱ्हाडच्या माणसानें तो सांगावा हें कांहीं गैर होणार नाहीं.

मी रसायनशास्त्राचा पंडित नाहीं. मॅट्रिक होऊन मास्तर झालों आणि सारा जन्म मुलांना गणित व विज्ञान शिकविण्यांत गेला. या विषयाकडे मी वळलों तो एका विद्यार्थ्याच्या प्रश्नामुळें. वरच्या वर्गांच्या विज्ञानाच्या पुस्तकांत एक समीकरण असतें: वनस्पति तेल, त्यांत हायड्रोजन, बाणावर 'निकेल' असा शब्द, आणि पुढें तूप. मीं फळ्यावर तें लिहिलें व नेहमींप्रमाणें सांगितलें कीं, निकेल हा येथें उत्प्रेरक आहे. तो क्रिया घडवितो, पण स्वतः बदलत नाहीं. मागच्या बाकावरचा एक शेतकऱ्याचा मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, तूप झाल्यावर तं मंग त्या निकेलचं काय होते? ते थकत नाही काय?" वर्ग हंसला. मींही हंसलों आणि "निकेल म्हणजे कांहीं बैल नव्हे" असें म्हणून त्याला खालीं बसविलें. तो प्रश्न हंसण्यासारखा नव्हता, हें कळावयास मला बरींच वर्षें लागलीं. त्याचें उत्तर ओघानें पुढें येईलच.

प्रथम सरकीचें पाहूं. एक क्विंटल कापूस जिनांत घातला, तर रुई निघते सुमारें तिसरा हिस्सा. बाकी बहुतेक सारी सरकी. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें असतां लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, हें सर्वांस ठाऊक आहे. पुढें १८७० सालीं खामगांवास लॉर्ड मेयो यांच्या हस्तें रेल्वेचा फांटा व कापसाचा बाजार यांचें उद्घाटन झालें. त्या काळीं जें लिहिलें गेलें, तें सारें रुईविषयीं. सरकीकडे कोणाचें लक्ष नव्हतें. आपल्याकडे ती गाई-म्हशींच्या दावणींत पडे, हें तरी तिचें भाग्य; अमेरिकेंत कित्येक ठिकाणीं ती ओढ्यांत लोटून देत किंवा शेतांत कुजवीत. यादवी युद्ध संपल्यानंतर तेथें सरकी गाळण्याच्या घाण्या मोठ्या प्रमाणावर निघाल्या आणि तेलाचा महापूर आला. सरकींत तेल शेंकडा पंधरा-वीस. तें रंगानें काळपट, वासानें उग्र. शुद्ध केलें तरी तें तेलच राहणार. आणि युरोप-अमेरिकेंतील गृहिणीला हवी होती लोण्यासारखी किंवा चरबीसारखी घट्ट वस्तु. तेल घट्ट करण्याची युक्ति जो काढील, त्याच्या पायाशीं लक्ष्मी लोळणार, अशी ती परिस्थिति होती.

ती युक्ति निघाली फ्रान्सांत, आणि ज्यानें काढली त्याला लक्ष्मीची फिकीर नव्हती. पॉल साबात्ये हे दक्षिण फ्रान्सांतील तुलूझ या शहरीं प्राध्यापक होते. पॅरिसच्या विख्यात सॉर्बोन विद्यापीठाचें बोलावणें आलें असतांही ते आपलें गांव सोडून गेले नाहींत. (आम्हां लहान गांवच्या मास्तरांना ही गोष्ट फार आवडते, हें मी लपवीत नाहीं.) १८९७ सालीं त्यांनीं आपले सहकारी सांदेरां यांच्यासह असें पाहिलें कीं, ताज्या, अतिसूक्ष्म निकेलच्या भुकटीवरून एथिलिन व हायड्रोजन हे दोन वायु एकत्र नेले असतां ते सुखासुखी संयोग पावतात. निकेल नसेल तर ते नुसते शेजारीं शेजारीं राहतात. धातूच्या नुसत्या सान्निध्यानें रासायनिक क्रिया घडते, ही गोष्ट अगदींच नवी नव्हती. १८२३ सालीं जर्मनींतील डोबरायनर यांनीं प्लॅटिनमच्या भुकटीवर हायड्रोजनाची धार सोडून ज्योत पेटविली होती, आणि १८३५ सालीं स्वीडनच्या बर्झेलियस यांनीं अशा क्रियांना 'कॅटॅलिसिस' हें नांव दिलें होतें. परंतु प्लॅटिनम महाग. निकेल त्या मानानें कितीतरी स्वस्त. साबात्ये यांचें कार्य क्रांतिकारक ठरलें तें यामुळें. १९१२ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

साबात्ये आपल्या क्रिया बहुशः वायुरूप पदार्थांवर करीत. तेल हें कांहीं सहजासहजीं वायुरूप होत नाहीं. विल्हेल्म नॉर्मन नांवाच्या एका जर्मन तरुणानें निकेलची भुकटी थेट कढत तेलांतच कालविली आणि खालून हायड्रोजन सोडला. तेल घट्ट झालें. १९०२ सालीं त्यानें पेटंट घेतलें. १९११ सालीं अमेरिकेंतील प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीनें सरकीच्या तेलापासून याच रीतीनें केलेला 'क्रिस्को' नांवाचा घट्ट स्निग्ध पदार्थ बाजारांत आणला. जी सरकी ओढ्यांत लोटून देत, ती आतां डब्यांत भरून दिवाणखान्याच्या मागच्या दारानें स्वयंपाकघरांत शिरली.

यानंतर या कथेंत एक असा गृहस्थ येतो, ज्याचें नांव आपल्या शाळांतून फारसें कोणी घेत नाहीं, पण माझ्या मतें तोच तिचा खरा नायक आहे. मरे रेनी हा अमेरिकेंतील केंटकी विद्यापीठाचा यंत्रशास्त्राचा पदवीधर. १९१५ सालीं तो टेनेसी प्रांतांतील एका तेलाच्या कारखान्यांत नोकरीस लागला. काम कोणतें, तर तेल घट्ट करण्यास लागणारा हायड्रोजन विजेच्या साहाय्यानें पाण्यांतून काढण्याचीं यंत्रें बसविणें. निकेलची भुकटी करणें हें त्याचें काम नव्हे. पण ती भुकटी मंद चालते, तिच्यांत कांहीं तरी उणें आहे, हें त्याला रोज दिसे. नोकरी सांभाळून त्यानें स्वतःच प्रयोग आरंभिले. निकेल व सिलिकन समभाग घेऊन त्यानें त्यांचा मिश्रधातु केला, तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्यांत टाकला, आणि सिलिकन विरघळून गेल्यावर मागें जें निकेल राहिलें तें सरकीच्या तेलावर वापरून पाहिलें. तें तोंपर्यंतच्या उत्तम उत्प्रेरकाच्या पांचपट चपळ निघालें. १९२५ च्या डिसेंबरांत त्याला पेटंट मिळालें. पुढें सिलिकनच्या जागीं त्यानें ॲल्युमिनियम घातलें. तें याहूनही सरस ठरलें, आणि तेंच आज जगभर रेनी-निकेल म्हणून ओळखलें जातें.

याचें मर्म समजण्यास मोठी विद्वत्ता नको. मिश्रधातूंतून ॲल्युमिनियम निघून गेलें म्हणजे निकेलच्या अंगांत असंख्य भोंकें पडतात. आपल्या जाळीदार घावनाची कल्पना करा. मात्र हीं भोंकें डोळ्यांना दिसण्याजोगीं नव्हेत. रासायनिक क्रिया घडते ती धातूच्या पृष्ठभागावर. जितकीं भोंकें अधिक, तितका पृष्ठभाग अधिक. आणि जितका पृष्ठभाग अधिक, तितक्या रेणूंना बसावयास जागा अधिक. यंत्रशास्त्राचा एक पदवीधर, सरकीचें तेल आणि कॉस्टिक सोडा, एवढ्यांतून हें साधलें.

आपल्या देशांत हें शास्त्र आलें तें तुपाचा वेष घेऊन. १९३१ सालीं हिंदुस्थान वनस्पति मॅन्युफॅक्चरिंग कंपनी निघाली, मुंबईस शिवडीला तिचा कारखाना उभा राहिला, आणि १९३७ पासून 'डालडा' हें नांव घरोघर झालें. खानदेशांत अमळनेर येथें महंमद हाशम प्रेमजी यांनीं २९ डिसेंबर १९४५ रोजीं वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापिली. आज संगणकाच्या धंद्यांत जिचें नांव जगभर आहे, ती विप्रो म्हणजे हीच कंपनी. ज्या अमळनेरांत साने गुरुजींनीं प्रताप हायस्कुलांत मुलांना शिकविलें, त्याच अमळनेरांत पुढें निकेलच्या भुकटीवर तेलाचें तूप होऊं लागलें. आपल्याकडील वनस्पति मुख्यतः भुईमुगाच्या तेलाची असे. सरकीची पाळी पुढें आली. महात्माजींचा या पदार्थास विरोध होता. तो विरोध त्या वेळीं कित्येकांना हट्टाचा वाटला. तथापि अर्धवट हायड्रोजन घातलेल्या तेलांत 'ट्रान्स' जातीचीं मेदाम्लें उत्पन्न होतात व तीं हृदयास अपाय करितात, हें पुढें निर्विवाद ठरलें, आणि २०२२ च्या जानेवारीपासून आपल्या देशांत त्यांच्यावर शेंकडा दोनची मर्यादा घातली गेली. डालड्याच्या पिवळ्या डब्यांत तुळस लावणारीं घरें मीं पाहिलीं आहेत. डबा टिकला, आंतील वस्तूची अब्रू गेली. असो.

आतां प्रश्न उलटा करूं. तेलांत हायड्रोजन घालावयाचा नसून, झाडापाल्यांतून हायड्रोजन बाहेर काढावयाचा असेल तर?

झाडाच्या लांकडांत हायड्रोजन असतो. वजनानें शेंकडा सहाच्या आसपास. तो कार्बन व ऑक्सिजन यांच्याशीं घट्ट बांधलेला असतो एवढेंच. तो सोडविण्याची अगदीं ओबडधोबड रीत आमच्या वडिलांच्या पिढीनें डोळ्यांनीं पाहिली. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें, तेव्हां प्रवासी मोटारींच्या मागें पिंपाएवढी एक लोखंडी भट्टी बसविलेली असे. तींत लांकडी कोळसा घालीत आणि थोडी हवा व पाण्याची वाफ सोडीत. तापलेल्या कोळशावर वाफ आली म्हणजे कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन हे दोन ज्वालाग्राही वायु निघतात, आणि त्यांच्यावर इंजिन चालतें. वडील सांगत कीं, चढ आला म्हणजे ड्रायव्हर उतारूंना हात जोडी आणि धोतरें खोंचून सारे मागून ढकलीत. शिवाय निघण्यापूर्वीं भट्टी पेटवून पंखा फिरविण्यांत पाऊण तास जाई. युरोपांत त्या काळीं अशीं वाहनें लाखोंनीं होतीं. युद्ध संपलें, पेट्रोल सुटलें, आणि त्या भट्ट्या भंगारांत गेल्या. हा वायु जर्मनींत फिशर व ट्रॉप्श या दोघांनीं १९२५ च्या सुमारास कोबाल्ट व लोखंड यांच्या उत्प्रेरकांवरून नेऊन त्याचें पेट्रोल-डिझेलसारखें तेलही केलें होतें. पण तेथें मूळ माल दगडी कोळसा होता.

ज्या निकेलनें तेलाला हायड्रोजन दिला, तेंच निकेल हायड्रोजन सोडविण्याच्याही कामीं येतें, ही या शास्त्रांतली मोठी मौजेची गोष्ट आहे. शेतकऱ्याच्या ओसरीवर युरियाचें पोतें असतें ना? त्या युरियाला लागणारा अमोनिया करावयाचा तर हायड्रोजन हवा, आणि तो काढतात नैसर्गिक वायूंतून. आठशें-नऊशें अंश उष्णतेवर वायु व वाफ निकेलवरून नेतात. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यांत हेंच चालतें. आज आपल्या देशांत वापरला जाणारा हायड्रोजन जवळजवळ सगळा अशाच खनिज इंधनांतला आहे, आणि एक किलो हायड्रोजनामागें नऊ-दहा किलो कार्बन डायॉक्साइड हवेंत जातो. म्हणून तर झाडपाल्याकडे विद्वानांची दृष्टि वळली. झाडानें जो कार्बन हवेंतून घेतला, तोच परत जातो. हिशेब बरोबरींत राहतो, निदान कागदावर.

२००२ च्या ऑगस्टांत अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे जेम्स ड्युमेसिक आणि त्यांचे सहकारी कोर्टराइट व दावडा यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनीं केलें तें असें: साखर, ग्लिसरीन अशीं वनस्पतिजन्य द्रव्यें पाण्यांत विरघळविलीं, पाण्यावर इतका दाब ठेवला कीं तें सव्वादोनशें-अडीचशें अंशांवरही उकळूं नये, आणि तें पाणी प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावरून नेलें. हायड्रोजनाचे बुडबुडे निघूं लागले. आठशें-नऊशें अंशांचें काम त्याच्या पाव-तिसऱ्या हिश्शाच्या उष्णतेंत झालें. परंतु प्लॅटिनम पुन्हां महागच! तेव्हां पुढल्याच वर्षीं त्यांनीं त्याच्या जागीं स्वस्त धातु आणली. कोणती, म्हणाल? रेनी-निकेल. सरकीचें तेल घट्ट करण्यासाठीं टेनेसींतल्या नोकरदारानें केलेली तीच भोंकाभोंकांची धातु.

पण सरळ निकेल वापरून भागेना. साखरेचे तुकडे पडून हायड्रोजन व कार्बन डायॉक्साइड निघतात खरे, परंतु निकेल लगेच त्या दोहोंची पुन्हां गांठ घालून मिथेन वायु करूं लागतें. आणि ही गांठ घालण्याची क्रिया १९०२ सालीं शोधून काढली कोणीं? साबात्ये यांनींच! एका हातानें दिलेलें दुसऱ्या हातानें काढून घेणारा हा सावकार कसा आवरावा? ड्युमेसिक व त्यांचे सहकारी यांनीं निकेलमध्यें थोडें कथील मिसळलें. कथलाचे अणु निकेलच्या पृष्ठभागावर जागा अडवून बसतात. त्यामुळें कार्बनाची सांखळी तुटण्याचें काम चालूं राहतें, पण मिथेन जुळविण्याचें काम पुष्कळसें थांबतें. भांड्यांना कल्हई करणारा आमच्या बाजारांत अजूनपर्यंत येत असे. कथलाचा असाही उपयोग होईल हें त्याच्या स्वप्नांतही आलें नसतें.

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर. निकेल थकतें. चांगलेंच थकतें. उत्प्रेरक क्रियेंत खर्च होत नाहीं हें खरें, पण तो बिघडत नाहीं हें खोटें. गंधकाचा अंश आला कीं तो निकेलला चिकटून बसतो व जागा कायमची अडवितो. कार्बनाची काजळी त्याच्यावर धरते. उष्णतेनें सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून मोठे होतात आणि भोंकें बुजतात. वनस्पति तुपाच्या कारखान्यांतही निकेल गाळून काढीत आणि कांहीं पाळ्यांनंतर तें बदलावें लागे. शुद्ध साखर घेऊन प्रयोगशाळेंत काम करणें निराळें, आणि शेतांतली काटकी घेणें निराळें. काटकींत पोटॅश असतें, क्लोरिन असतो, माती असते. भट्टींत घातली तर डांबर सुटतें व तें नळ्या तुंबवितें. प्रयोगशाळेंत जें कित्येक दिवस टिकलें, तें कारखान्यांत वर्षभर टिकेल असें कोणी सांगूं शकत नाहीं. या विद्येचा गेल्या वीस-पंचवीस वर्षांचा इतिहास म्हणजे बव्हंशीं थकलेल्या उत्प्रेरकांचा इतिहास आहे. "उत्प्रेरकाला कांहीं होत नाहीं" हें मी तीस वर्षें शिकवीत आलों. तें अर्धसत्य होतें, आणि तें बरोबर हुडकणाऱ्या मुलाला मीं खालीं बसविलें.

शास्त्र थकलें तर तोटा कारखानदाराचा. परंतु शास्त्राच्या नांवावर जेव्हां आधींच बाजार भरतो, तेव्हां तोटा दुसऱ्याच कोणाचा होतो. २००३ च्या सुमारास मोगली एरंडाच्या बियांपासून डिझेल करण्याची हवा देशभर पसरली. नियोजन मंडळाच्या समितीनें त्याच्या लागवडीची मोठी शिफारस केली. माझ्या एका चुलतभावाकडे असाच एक दलाल आला. पडीक जमिनींत लावा, पाणी नको, खत नको, बीं आम्ही घेऊं, असें त्यानें छापील कागदावर लिहून दिलें. भावानें दोन एकरांत लावलें. झाडें वाढलीं, कुंपणासारखीं दाट झालीं. बीं मात्र पसाभर. तिसऱ्या वर्षीं दलालाचा पत्ता नव्हता. अखेर बैलजोडी लावून तीं झाडें उपटलीं, त्याची मजुरी वेगळी. अशा हकीकती त्या वर्षांत गांवोगांव झाल्या. कारण पाणी व खत यांवांचून हें झाड बीं धरीत नाहीं, ही साधी गोष्ट आधीं कोणी नीट तपासली नव्हती.

यांतही न्याय म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. २७ ऑगस्ट २०१८ रोजीं डेहराडूनहून दिल्लीस एक विमान गेलें. त्याच्या इंधनांत मोगली एरंडाच्या तेलापासून केलेलें इंधन मिसळलें होतें. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेनें तें केलें होतें. रीत तीच जुनी: तेल आणि हायड्रोजन यांची उत्प्रेरकावर गांठ घालावयाची; मात्र तूप होईल तेथें न थांबतां पुढें जाऊन तेलांतला ऑक्सिजन काढून टाकावयाचा व लांब सांखळ्या तोडून आखूड करावयाच्या. १९ मे २०२३ रोजीं पुण्याहून दिल्लीस असेंच दुसरें विमान गेलें, त्याचें मिश्रण पुण्याच्या प्राज कंपनीनें केलेलें. म्हणजे शास्त्र खोटें नव्हतें. भावाच्या दोन एकरांचा हिशेब खोटा होता.

हें सारें मीं सांगितलें तें आमच्या पराटीसाठीं. नागर श्रोत्यांना सांगावयास हवें कीं, कापूस वेचून झाल्यावर शेतांत उभी राहते ती पराटी, आणि तुरीची ती तुराटी. पूर्वीं पराटी चुलींत जाई, कुडाच्या भिंतींत जाई, त्यामुळें ती कधीं पुरत नसे. आतां चुलीच्या जागीं गॅस आला, कुडाच्या जागीं विटा आल्या. शिवाय गुलाबी बोंडअळीचें संकट. २०१७ सालीं तिनें विदर्भांतील कापसाचा जो घात केला तो अजून कोणी विसरला नाहीं. ती अळी पराटीवर राहून गेलेल्या बोंडांत दडून बसते व पुढल्या हंगामांत पुन्हां उठते. यासाठीं पराट्या वेळीं उपटून शेताबाहेर काढा असें कृषि-खातें कानीं-कपाळीं ओरडून सांगत असतें. शेतकरी त्या उपटतो, धुऱ्यावर ढीग घालतो आणि काडी लावतो. माघ-फाल्गुनांत संध्याकाळीं गांवाबाहेर पडलें तर क्षितिजावर जागोजाग तो उजेड दिसतो.

मास्तराची खोड म्हणून मीं पाटीवर गणित केलें. एकरीं सुकी पराटी सुमारें एक टन. वायुभट्टीच्या रीतीनें एक किलो हायड्रोजनास सुकें लांकूड बारा ते पंधरा किलो लागतें. म्हणजे एकरामागें सत्तरएक किलो हायड्रोजन. हायड्रोजनावर चालणारी मोठी बस शंभर किलोमीटरला आठ-नऊ किलो खाते. तेव्हां एका एकराच्या पराटीवर बस सातशें-आठशें किलोमीटर जाईल. आमच्या चांदूरहून मुंबईपर्यंत, उतारूंनीं न ढकलतां! अशी बस आपल्याकडे झालीही आहे: २०२२ च्या ऑगस्टांत पुण्यास केपीआयटी कंपनी व शास्त्रीय आणि औद्योगिक संशोधन परिषद यांनीं मिळून केलेली हायड्रोजनाची बस लोकांपुढें आली. शेतांतला काडीकचरा सूक्ष्म जंतूंकडून कुजवून हायड्रोजन काढण्याच्या दिशेनें पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेंत काम झालें आहे. जानेवारी २०२३ मध्यें केंद्र सरकारनें हरित हायड्रोजनासाठीं १९,७४४ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, आणि झाडपाल्यापासून काढलेला हायड्रोजनही, कार्बनाची मर्यादा पाळल्यास, तींत बसतो.

पाटीवर न मावणारें गणित निराळेंच आहे. पराटी विरळ, फांद्याफांद्यांची. ट्रॉलीभर घातली तरी वजन भरत नाहीं. ती उपटण्यास मजूर, तोडण्यास यंत्र, वाहण्यास डिझेल. मिळते ती वर्षांतून दोन-तीन महिने. भट्टीला हवी बारा महिने. साठवावी तर पाऊस व वाळवी. तिच्यांत लिग्निन म्हणजे लांकडाला कठिणपणा देणारें द्रव्य पाव हिस्सा. तें साखरेंत रूपांतर पावत नाहीं, म्हणून ड्युमेसिक यांच्या रीतीस ती जशीच्या तशी चालत नाहीं. मुंबईंतील माटुंग्याच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेनें, जिचा आरंभ १९२४ सालचा, पराटीपासून फळ्या, इंधनाच्या कांड्या व गोळ्या करण्याच्या रीति बसविल्या, त्या याच अडचणी ओळखून. प्रथम पराटी बारीक करून दाबावयाची, मग पुढचें पाहावयाचें.

मागच्या बाकावरचा तो विद्यार्थी आतां चाळिशीचा आहे. चार एकर कापूस करतो. मध्यंतरीं बाजारांत भेटला, तेव्हां मीं त्याला निकेल थकतें हें सांगितलें आणि त्या दिवसाबद्दल दिलगिरीही दाखविली. त्याला तो प्रश्न आठवत नव्हता. तो म्हणाला, "ते जाऊ द्या गुरुजी. पराटीले भाव कोण देते, ते सांगा." मीं त्याला सांगितलें तें असें: हायड्रोजनासाठीं आज आपल्या भागांत पराटी घेणारा कोणी मला ठाऊक नाहीं. घेणारे आहेत ते गोळ्या व कांड्या करणारे. त्या गोळ्या विटांच्या भट्ट्यांत जातात आणि २०२१ च्या सरकारी धोरणामुळें औष्णिक वीज-केंद्रांत दगडी कोळशाबरोबर थोड्या प्रमाणांत जाळल्या जातात. भाव टनावर ठरतो, ओल असली कीं कापला जातो, आणि वाहतूक कोणाची हें आधीं लिहून घ्यावें. छापील कागदावर विसंबूं नये.

त्यानें विचारलें, "लिहून घ्यायचं तं कोणाकून?" मग आम्ही दोघे तेथेंच चहाच्या टपरीवर बसलों, आणि पावतीच्या पाठीमागें मीं त्याला कराराचीं कलमें लिहून दिलीं.